नागुरा-सान भेटले कुणाला?

१

अहवालाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, ‘संत्रं स्वतः सोलून खाते.’

हात्सुए कुनितोमोने ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. समोर विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत चिनात्सु मोरिवाकी बसली होती. वय चौतीस. स्नायू झिजत जाण्याचं लहानपणापासूनचं दुखणं. आता मान थोडीशी वळायची आणि उजव्या हाताची दोन बोटं हलायची. त्या दोन बोटांवर ती खुर्ची चालवायची, फोन लावायची आणि एका छापखान्याची मुद्रितं तपासून स्वतःचं भाडं भरायची.

“शेवटचं संत्रं सोललं तेव्हा मी शाळेत होते,” चिनात्सु म्हणाली. “सालं टीचरच्या पर्समध्ये टाकली होती. पुढे?”

“‘दारातली उंच पायरी खांबाला धरून चढते. घरात थोडं चालते. जोड्यांच्या डाव्या चवड्याची झीज पाहिली. पेन्सिलीने लिहिते, वही पाहिली.’” हात्सुए थांबली. या फ्लॅटच्या दारात पायरी नव्हतीच. खुर्ची सरळ आत यावी म्हणूनच चिनात्सुने तो घेतला होता. “‘दोन बावन्नला गाडी गेली, तेवढा वेळ बोलणं थांबवलं.’”

चिनात्सुची बोटं खुर्चीच्या दांडीवर थबकली.

“पाणी द्या ना जरा,” ती म्हणाली. नळीने दोन घोट घेतल्यावर तिने मान वळवली. “राहू दे आता. पुढचं नको.”

हात्सुएने ते मनात टिपून ठेवलं. अपंग माणसाला किती मदत लागते हे पाहून तिची आखणी करून द्यायची, हे तिचं आताचं काम. पण त्याआधी बावीस वर्षं तिने विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते, आणि ती खोड काही गेली नव्हती. शेजारीण ‘बरं आहे’ म्हणाली तरी हात्सुएला वाटायचं, हिला काय लपवायचंय?

इथे तर लपवालपवीचा वासच येत होता. दर तीन वर्षांनी नगरपालिकेचा तपासनीस येतो, ऐंशी प्रश्न विचारतो, माणूस डोळ्यांनी पाहतो. त्या कागदावरून समिती एक ते सहा अशी श्रेणी ठरवते. चिनात्सुची श्रेणी सहावी होती. त्यावर रात्रंदिवस मदतनीस मिळत होत्या, म्हणून तर दहा महिन्यांपूर्वी ती आईचं घर सोडून या बंदराकडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला आली होती. डिसेंबरमध्ये पत्र आलं, की श्रेणी तिसरी. म्हणजे एप्रिलपासून दिवसाचे दोन तास, आणि रात्री कुणीच नाही. झोपेत श्वासाचा मास्क सरकला तर तो परत बसवायला दोन बोटं पुरत नाहीत. फ्लॅट सोडायचा, आणि डोंगरावरच्या निवासी संस्थेत जायचं नाहीतर परत आईकडे, एवढंच उरलं होतं.

निर्णयाविरुद्ध दाद मागायला तीन महिन्यांची मुदत होती. स्वतःचा अहवाल पाहायला मिळावा म्हणून केलेल्या अर्जातच त्यातले बहुतेक दिवस गेले. आज तीन मार्च. मुदत तेरा मार्चला संपत होती.

“तारीख वीस नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी दोन ते तीन पाच,” हात्सुए म्हणाली. “‘प्रत्यक्ष भेट’ या चौकटीत शिक्का आहे. तपासनीस, नागुरा. आठवतोय का हा माणूस?”

“आठवेल कसा? त्या दिवशी इथे कुणीही आलं नव्हतं.”

२

नगरपालिकेच्या कल्याण विभागाचे प्रमुख ओकादोमे यांच्या चेहऱ्यावर कायम एक हसू असायचं. ते हसू हात्सुएला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

“कुनितोमो-सान, या या! चहा घेणार? नाही? बरं, आम्हीही मागवणार नव्हतो.” ते स्वतःच हसले. “मोरिवाकींचं ना? समितीने निर्णय दिला. मी कोण बापडा?”

“तपासनीस तिच्याकडे आलाच नाही, असं ती म्हणते.”

“शिक्का आहे ना?”

“शिक्का लाकडाचा असतो, ओकादोमे-सान. त्याला पाय नसतात.”

ओकादोमेंचं हसू तसूभरही हललं नाही. “हे बघा, आपलं गाव केवढं, माणसं किती! एका बाईमागे रोज पाच मदतनीस फिरतात, तिथे म्हाताऱ्यांना एक मिळत नाही. मी काही बोलत नाही हं. पण लोक बोलतात.”

झालं! हात्सुएला हवा होता तो धागा मिळाला. वरून सांगितलं असणार, तास कमी करा. आणि खाली कुणीतरी खुर्चीत बसून कागद रंगवला असणार. तिने नागुराला बोलवा म्हणून हट्ट धरला.

नागुरा आला तो दारातच वाकला. साठीचा, शाळेच्या कचेरीतून निवृत्त होऊन सप्टेंबरात इथे करारावर लागलेला. परगावचा. हातात रुमाल, आणि तो रुमाल सतत कपाळाकडे जात होता.

“तुम्ही वीस नोव्हेंबरला गेला होता?”

“गेलो होतो. सायकलने. अगदी वेळेवर.”

“घर कसं होतं?”

“नीटनेटकं. पायरी उंच होती. कोतात्सूशी, त्या खालून तापणाऱ्या बैठ्या टेबलाशी, रजईत पाय घालून बसलो. चहा दिला, संत्री दिली. मी नको म्हणत होतो.”

“चिनात्सु-सानचे केस कसे आहेत?”

रुमाल कपाळावरच थांबला. नागुराने ओकादोमेंकडे पाहिलं, ओकादोमेंनी खिडकीकडे.

“मी... बायकांकडे असं टक लावून बघत नाही,” नागुरा म्हणाला. “शोभत नाही ते.”

“चेहरा?”

“आज एवढंच पुरे,” ओकादोमे उठले. “कामं पडलीत.”

जिना उतरताना हात्सुएला खुशीच झाली. पाणी मुरत होतं, आणि कुठे ते दिसतही होतं. पण शेवटच्या पायरीवर ती थांबली. घरबसल्या थापा मारणारा माणूस मोठ्या गोष्टींच्या थापा मारतो. चालते, लिहिते, खाते. दोन बावन्नच्या गाडीची थाप तो कशाला मारेल? त्या गाडीचा कुणालाच उपयोग नव्हता. बावीस वर्षांच्या अनुभवात बिनकामाचा बारकावा नेहमी खरा निघाला होता.

म्हणजे नागुरा कुठेतरी गेला होता. कोतात्सूशी बसला होता. चिनात्सुच्या घरात तर कोतात्सूही नव्हता.

३

मग संशय घरात शिरला. फ्लॅटची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांत सगळ्यात जुनी मदतनीस रीहो. सत्तावीस वर्षांची, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. पण रात्रपाळी नको म्हणून तिने मदतनीस पुरवणाऱ्या कचेरीकडे अर्ज दिला होता, हे हात्सुएच्या कानावर आलं होतं. श्रेणी उतरली की रात्रपाळी आपोआप सुटणार होती.

हात्सुएने तिला स्वयंपाकघरात गाठलं. “वीस नोव्हेंबरला दुपारी कोण होतं इथे?”

“मी.” रीहोने भांडं आपटलं. “विचारा ना सरळ. मी कुणाला घरात घेतलं का, असंच ना? माझ्या मावशीला चिनात्सु-सान म्हणून बसवली का?”

“मी फक्त विचारतेय.”

“तुमचं फक्त विचारणं म्हणजे पोलिसांचं बोलावणं!” रीहोने नोंदवही समोर टाकली. “वाचा. दोन ते चार आंघोळ. दोघी होतो आम्ही, शिकाऊ मुलगी पण होती, तिची सही आहे. रात्रपाळी मला नको, कारण माझी पाठ गेलीय. म्हणून काय मी हिला मारायला निघाले?”

शेवटचं वाक्य बोलताना तिचे डोळे भरून आले. हात्सुएला स्वतःची लाज वाटली, पण संशय सोडण्याइतकी नाही. सह्या मात्र दोन होत्या, आणि दुसऱ्या मुलीला हात्सुए ओळखत होती, ती खोटी सही करणाऱ्यातली नव्हती.

इतक्यात दाराची घंटा वाजली. चिनात्सुची आई तोमिए. दर आठवड्याला ती शिजवलेल्या अळकुड्यांचा डबा घेऊन बसने यायची. सहासष्ट वर्षांची, बारीक, पाठ ताठ. आल्याआल्या ती जमिनीवर गुडघे टेकून हात्सुएपुढे वाकली, लेकीला सांभाळता म्हणून तीनदा आभार मानून झाले, आणि मग चॉपस्टिकने अळकुडी घेऊन ती लेकीच्या तोंडाशी नेऊ लागली.

“आई, मी जेवलेय.”

“एकच. पुन्हा बारीक झालीस. या मुली तुला काय घालतात देव जाणे!”

स्वयंपाकघरातून भांडं आणखी जोरात वाजलं.

“एप्रिलचं काय ठरलं?” तोमिएने विचारलं. “संस्थेत नको हं जाऊ. तिथे सकाळी सहाला दिवे लावतात म्हणे. तुझी खोली आहे तशीच ठेवलीय मी. चादरसुद्धा परवा उन्हात घातली.”

आईच्या चॉपस्टिककडे न बघता चिनात्सु भिंतीकडे बघत राहिली, आणि मग तिने मुकाट तोंड उघडलं. आई गेल्यावर ती हात्सुएला म्हणाली, “कुनितोमो-सान, तो अहवाल आईला दाखवू नका. आणि एक सांगू? दाद वगैरे जाऊ दे. नव्याने तपासणी मागू.”

“त्याला चार महिने लागतील. तोवर रात्री कोण?”

“बघू.”

“बघू म्हणजे? श्वासाचा खेळ आहे हा. परवापर्यंत तू वाघिणीसारखी लढत होतीस. कुणाला पाठीशी घालतेयस?”

“तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो,” चिनात्सु म्हणाली आणि तिने खुर्ची वळवली.

येतोच, हात्सुए मनात म्हणाली. आता तुझाही येतोय.

घरी जायच्या आधी तिने डिसेंबरचं ते निर्णयाचं पत्र पुन्हा मागून घेतलं. पत्र शंभरदा वाचलं होतं. पाकीट मात्र तिने कधी निरखलं नव्हतं. पाकिटावर पत्त्याच्या जागी पोस्टाची पिवळी पट्टी चिकटवलेली होती. घर बदललेल्या माणसाचं टपाल पोस्ट वर्षभर नव्या पत्त्यावर पोहोचवतं, त्याची ती पट्टी. हात्सुएने नखाने तिचं टोक उचललं. खाली नगरपालिकेने छापलेला पत्ता होता, आणि तो या फ्लॅटचा नव्हता.

४

मोरिवाकींचं जुनं घर रुळांच्या कडेला होतं. हात्सुए मुद्दाम गुरुवारी गेली, दोनच्या ठोक्याला. कारण सांगितलं की एप्रिलसाठी खोली पाहायचीय.

“अगंबाई, या ना!” तोमिएचा चेहरा उजळला. “मला वाटलंच होतं, तुम्हाला पटेल.”

दाराशी जोडे काढायची जागा, आणि तिथून आत यायला वीतभर उंच पायरी. पायरीशेजारी खांब, कमरेच्या उंचीवर हाताने गुळगुळीत झालेला. बाजूच्या फळीवर शाळेत घालतात तसे पांढरे कापडी जोडे होते. डाव्या जोड्याचा चवडा पार झिजला होता.

“तिचे?”

“सतरा वर्षांची होईपर्यंत घरात चालायची ती, खांबाला धरून,” तोमिए म्हणाली. “टाकवत नाहीत.”

खोली खरोखरच तशीच होती. बिछाना, टेबल, टेबलावर पेन्सिलीने लिहिलेली वही. हात्सुएने पानं उलटली. इतिहासाचे धडे. अक्षर शेवटी शेवटी मोठं आणि वाकडं होत गेलं होतं.

मग दोघी कोतात्सूच्या रजईत पाय घालून बसल्या. तोमिएने संत्रं सोललं, शिरा काढल्या, आणि फोडी हात्सुएपुढे मांडल्या. अगदी हळुवारपणे. या हातांनी चौतीस वर्षांत किती हजार संत्री सोलली असतील?

दोन बावन्नला गाडी आली. कप थरथरले, बोलणं ऐकू येईना. दोघी गप्प बसून राहिल्या. गाडी गेल्यावर तोमिए सवयीने हसली, “आमच्याकडे असं मध्येच थांबावं लागतं.”

“हो,” हात्सुए म्हणाली. “मी वाचलंय.”

तोमिएचं हसू विरलं. तिने संत्र्याची सालं गोळा केली, हाताची बोटं पुसली आणि विचारलं, “आणखी चहा घेणार?”

“नको. बारा तारखेला नगरपालिकेत या, मोरिवाकी-सान. सकाळी दहाला. नाही आलात, तर मला एकटीलाच बोलावं लागेल.”

५

बारा मार्च. मुदतीला एक दिवस उरला होता. कल्याण विभागाच्या लहान खोलीत पाचजण होते. ओकादोमे, नागुरा, ताठ बसलेली तोमिए, हात्सुए, आणि दाराशी खुर्चीत चिनात्सु. चिनात्सु यायला तयार नव्हती. पण तुझ्या तपासणीबद्दल तुझ्या पाठीमागे पुन्हा बोलणं व्हावं असं वाटतं का, असं हात्सुएने विचारल्यावर ती आली.

“मी सगळ्यांवर संशय घेतला,” हात्सुए म्हणाली. “आधी ओकादोमे-सान, तुमच्यावर.”

“माझं भाग्य.”

“नागुरा-सान घरी बसून थापा मारतायत असं वाटलं. पण त्यांनी गाडी लिहिली. थाप मारणाऱ्याला गाडी सुचत नाही. पायरी, खांब, जोडे, वही. जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. फक्त ते पाहिलं रुळांकडच्या घरात, जिथे चिनात्सु दहा महिने राहत नाही.” तिने पाकीट टेबलावर ठेवलं. “ही पट्टी बघा. मदतनिसांच्या टेबलावर तिचा नवा पत्ता आहे. श्रेणीच्या टेबलावर जुनाच. एकाच खोलीत दोन टेबलं, मध्ये एक फुलदाणी, आणि फुलदाणीपलीकडे कुणी बोलत नाही.”

ओकादोमेंनी प्रथमच हसू आवरलं.

“तरी प्रश्न उरतोच. तपासणीची वेळ ठरवायला पत्र गेलं असतं, तर तेही पोस्टाने फ्लॅटवर आलं असतं. आलं नाही. म्हणजे फोन केला. कुणाला?”

“घरच्या नंबरवर,” नागुरा पुटपुटला. “पहिल्या पानावर तोच आहे. आम्ही नेहमी आधी आईलाच... अपंग मुलगी म्हटल्यावर आधी घरच्यांशीच बोलायची पद्धत आहे.”

“चौतीस वर्षांच्या बाईची भेट तिच्या आईबरोबर ठरवायची पद्धत! बरं, गेलात. चिनात्सु दिसली?”

नागुराने रुमाल काढला, पण तो हातातच राहिला.

“विचारलं होतं मी,” तो म्हणाला. “त्या म्हणाल्या, आताच डोळा लागलाय, रात्रभर झोप नाही. मी म्हटलं, क्षणभर पाहू का? तर त्या हसल्या आणि चहा ओतला. पुन्हा कसं विचारणार? परक्या घरात, झोपलेल्या बाईच्या खोलीचं दार उघडा म्हणून? एकदा नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. एवढं तर कुणालाही कळतं.”

“आणि ‘प्रत्यक्ष भेट’वर शिक्का?”

“चौकट रिकामी ठेवली, तर कागद परत येतो.”

हात्सुएला त्याचा राग आला आणि कीवही आली. असल्या सभ्यपणाने किती माणसांची आयुष्यं मोडली असतील, कोण मोजणार?

“बंद दारापलीकडे रिकामा बिछाना होता,” ती म्हणाली. “चिनात्सु त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला आंघोळ करत होती. मोरिवाकी-सान, ऐंशी प्रश्नांची उत्तरं तुम्ही दिलीत.”

“दिली.” तोमिएचा आवाज शांत होता. “खोटं काय सांगितलं मी? चालायची ती. लिहायची. संत्रं सोलायची, माझ्यापेक्षा सुरेख.”

“सतरा वर्षांची असताना.”

“ते त्यांनी विचारलं नाही.”

“आणि श्रेणी उतरली, तर ती तुमच्याकडे परत येईल, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

तोमिए लेकीकडे वळली. आता मात्र तिचा ताठपणा गेला. “परक्या पोरी रोज बदलतात. एक येते, एक जाते. तुला जेवायला कसं द्यायचं हे त्यांना माहीत नाही. घास पटकन देतात. मी घरात बसून काय करू? टीव्ही बघू? डोंगरावर जाऊ देणार नव्हते मी तुला. फक्त घरी आणणार होते. आईने लेकीला घरी आणायचं नाही?”

“गाडीचं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं,” चिनात्सु म्हणाली. तिचा आवाज मुळात बारीक. सगळे पुढे झुकले. “दोन बावन्न. तेहतीस वर्षं ऐकलीय ती गाडी. पण माझ्या तोंडून तुझं नाव यायला नको होतं. म्हणून सोडून देत होते.”

“अगं, मग...”

“आई, तू मला घरी आणणार होतीस. पण मला विचारलं कुणी? यांनी तुला फोन केला. तू यांना चहा दिलास. ऐंशी प्रश्न माझ्यावर, आणि मी कुठे? कायद्याने तो माणूस माझ्यापुढे बसायला हवा होता. माझ्याकडे बघून विचारायला हवं होतं. केस लांब आहेत की आखूड, एवढं तरी त्याला कळलं असतं.”

नागुराने मान वर केली. आज प्रथमच त्याने आपल्या अहवालातल्या बाईकडे पाहिलं. केस आखूड होते, मानेपाशी कापलेले, आणि एक बट निळी रंगवलेली. तो उठून उभा राहिला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला. बराच वेळ तसाच राहिला.

“मी लिहून देतो,” तो म्हणाला. “भेट झाली नाही, असं. आत्ता.”

“नागुरा-सान, जरा विचार करून—” ओकादोमे म्हणाले.

“केला,” नागुरा म्हणाला. “करार रद्द होईल. होऊ दे.”

त्याचं निवेदन आणि दाद मागण्याचा अर्ज त्याच दिवशी चारच्या आत प्रांताच्या कचेरीत पोहोचला. हात्सुएने तो स्वतः नेला. टपालावर तिचा विश्वास नव्हता. एवढा कागद हातात असल्यावर ओकादोमेंनाही पळवाट काढता येईना. आठवड्याभरात त्यांनी स्वतःहून निर्णय मागे घेतला आणि नवी तपासणी लावली. ती होईपर्यंत जुने तास चालू राहणार होते.

पण यश हाती आलं असं हात्सुएला वाटेना. नवी तपासणी म्हणजे नवे ऐंशी प्रश्न. त्यात रात्रीचे प्रश्न सगळ्यात अवघड. चिनात्सु रात्री झोपेत असते. मदतनीस पाळीपाळीने येतात. प्रत्येकीला आपली रात्र माहीत, सलग चित्र कुणालाच नाही. समितीने सहाऐवजी पाच म्हटलं तरी रात्रीचे तास निम्मे होणार होते.

“आईला बोलवा,” चिनात्सु म्हणाली.

“वेडी आहेस का?” रीहो ओरडली. “एकदा बुडवलं तेवढं पुरे नाही?”

हात्सुएलाही तेच म्हणायचं होतं. चिनात्सुने दोघींकडे पाहिलं. “तपासणी माझी आहे ना? मग कोण बसणार, ते मी ठरवेन.”

६

या खेपेस तपासनीस बाई होती. ती फ्लॅटमध्ये आली, खुर्चीच्या उंचीला येईल अशा बेताने जमिनीवर न बसता स्टुलावर बसली, आणि चिनात्सुच्या डोळ्यांत बघून तिने पहिला प्रश्न विचारला. तोमिए भिंतीला टेकून बसली होती. डबा आणला नव्हता. हात्सुए तिच्यावर नजर ठेवून होती. काही वेडंवाकडं बोलली, तर तोंड उघडायची तिची तयारी होती.

प्रश्न सरकत गेले. चिनात्सु उत्तरं देत होती. मग तपासनीस बाईने पान उलटलं.

“रात्री कुशीवर किती वेळा वळवावं लागतं?”

“चार... पाच वेळा असेल,” चिनात्सु म्हणाली.

“नऊ,” तोमिए म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तपासनीस बाईने चिनात्सुला विचारलं, “यांनी सांगितलेलं चालेल?” चिनात्सुने डोळ्यांनी हो म्हटलं.

“अकराला पहिल्यांदा,” तोमिए मांडीवरच्या हातांकडे बघत सांगू लागली. “मग बाराला. दीडला डावा खुबा दुखतो, तेव्हा गुडघ्याखाली उशी. तिला जाग येत नाही, पण कपाळाला आठी पडते. आठी पडली की वळवायचं. तीनच्या सुमाराला मास्क सरकतो, हिवाळ्यात जास्त. यंत्राची शिट्टी वाजत नाही नेहमी. श्वासाचा आवाज बदलतो, तो ऐकावा लागतो. जागं राहिल्याशिवाय तो ऐकू येत नाही.” ती थांबली. “मी चौदा वर्षं बसून झोपले. हिला कधी सांगितलं नाही. वाटलं, ओझं वाटेल तिला.”

चिनात्सुच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ते पुसायला तिचा हात उचलत नव्हता. रीहो पुढे झाली, मग थांबली, आणि तिने रुमाल तोमिएकडे दिला. तोमिएने लेकीचे डोळे पुसले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

“लिहा तुम्ही,” ती तपासनीस बाईला म्हणाली. “सावकाश सांगते. एका माणसाने हे होत नाही, हेही लिहा. म्हाताऱ्या आईने तर नाहीच.”

हात्सुएने आयुष्यभर लोकांना फायद्यासाठी खोटं बोलताना पाहिलं होतं. ही बाई खरं बोलत होती, आणि तिच्या प्रत्येक वाक्यासरशी रुळांकडच्या त्या खोलीत लेक परत यायची आशा थोडी थोडी संपत होती. ते तिला कळत होतं. तरी एकही वेळ, एकही उशी तिने वगळली नाही. हात्सुएला शोधूनही संशय सापडेना.

शेवटचं पान आलं. हजर असलेल्यांची नावं लिहायची होती.

“मोरिवाकी तोमिए, आई,” तपासनीस बाईने लिहिता लिहिता विचारलं. “तुम्ही इथेच राहता?”

तोमिएने एकदा लेकीकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “हे तिचं घर आहे. मी पाहुणी.”